शंकेचा रकाना

माझ्या सासूबाईंच्या हातची एक वही माझ्यापाशी आहे. वर्षभर ती कपाटाच्या वरच्या खणात जुन्या साड्यांखाली पडून असते आणि दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली म्हणजे बाहेर निघते. तिची पाने पिवळी पडली आहेत, कडांना तेलाचे डाग आहेत, आणि चकलीचे पान तर इतके तेलकट झाले आहे की मागच्या बाजूची अनारशांची कृती त्यातून उलटी वाचता येते.

या वहीने लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मला फसवले. सासूबाई थोरल्या वन्संच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या होत्या आणि फराळाचे सगळे माझ्यावर येऊन पडले होते. वहीत लिहिले होते: भाजणी चार वाट्या, मोहन एक वाटी, तिखट-मीठ अंदाजाने. मी शास्त्राची विद्यार्थिनी. मोजून-मापून काम करण्याचा मला अभिमान. एकाच वाटीने चार वेळा भाजणी घेतली आणि पाचव्या वेळी त्याच वाटीने कडकडीत तेल घेतले. पहिली चकली कढईत सोडली आणि ती डोळ्यांदेखत विरघळली. दुसरीचेही तेच झाले. कढईच्या तळाशी नुसता चुरा साचला. सासूबाई परत आल्यावर मी ती वही त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “अगं, मोहनाची वाटी म्हणजे मिसळणाच्या डब्यातली चिमुकली वाटी. घरात सगळ्यांना ठाऊकच होतं, म्हणून लिहिलं नाही.”

वहीतले एक अक्षरही चुकीचे नव्हते. लिहिणारीने खोटे लिहिले नव्हते, वाचणारीने चुकीचे वाचले नव्हते. आणि तरीही चकली विरघळली. हा प्रसंग मी पुष्कळ वर्षे गंमत म्हणून सांगत आले. अलीकडे मात्र तो मला तितकासा गमतीचा वाटेनासा झाला आहे. त्याचे कारण माझा सध्याचा उद्योग.

तीस वर्षे पुण्याच्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले. घरी बसवेना, म्हणून शहराच्या कडेला काचेच्या ज्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत त्यांपैकी एकीत मी काम धरले. काय काम करता, असे शेजारणी विचारतात तेव्हा मी सांगते, “तांदूळ निवडते.” हे अगदीच खोटे नाही. जगभरचे डॉक्टर आणि संशोधक आपापले शोधनिबंध नियतकालिकांतून प्रसिद्ध करतात. ते वाचायचे आणि त्यांतले कामाचे तेवढे वेचून तक्त्यात भरायचे: औषध कोणते, रोग कोणता, जनुक कोणते आणि त्यांचा परस्परांशी संबंध काय. संबंधाच्या रकान्यात तीनच शब्द चालतात: ‘वाढवते’, ‘घटवते’ आणि ‘संबंध नाही’. बारा-पंधरा पानांचा निबंध आटून तक्त्यात त्याची एक ओळ उरते. अशा लाखो ओळी एकत्र झाल्या म्हणजे औषधे बनवणारे, रुग्णालये, विद्यापीठे त्यांत आपल्याला हवे ते शोधू शकतात. आता या कामात यंत्रही आमच्या शेजारी येऊन बसले आहे. ते रात्रीतून हजारो निबंध चाळते आणि त्याने निवडलेले आम्ही सकाळी पुन्हा निवडतो.

असला उद्योग कोणाला रिकामपणाचा वाटेल. परंतु त्यावाचून आता गत्यंतर राहिलेले नाही. १८७९ मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज या अमेरिकन लष्करी वैद्याने जगातल्या वैद्यकीय लेखांची सूची ‘इंडेक्स मेडिकस’ या नावाने काढण्यास आरंभ केला. ग्रंथालयाच्या टेबलावर मावणारी ती सूची होती. त्या सूचीचा वारसा आज ‘पबमेड’ हा संगणकीय संग्रह चालवतो. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि दरवर्षी दहा लाखांहून अधिकांची भर पडते. दिवसाला शंभर निबंध वाचणारा कोणी तपस्वी निघाला, तरी आजवरचे वाचून संपवायला त्याला साडेनऊशे वर्षे लागतील. आणि रोजचे शंभर वाचून तो उठेपर्यंत अडीच हजारांहून अधिक नवे दाराशी येऊन पडलेले असतील. रुग्णाला तपासून, औषध लिहून, रात्री थकून घरी जाणाऱ्या डॉक्टरने यातले किती वाचावे? तेव्हा त्याच्यासाठी कोणीतरी वाचले पाहिजे, कोणीतरी निवडले पाहिजे.

निवडण्याचे हे काम आपल्या परंपरेला नवे नाही. वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा ग्रंथ तर वेचूनच सिद्ध झालेला आहे. आपण इकडेतिकडे विखुरलेल्या ग्रंथांतून सार घेतले, ते फार संक्षिप्त होऊ दिले नाही आणि फार पाल्हाळिकही होऊ दिले नाही, असे त्याने आरंभीच सांगून ठेवले आहे. आणि पुण्यात तर या विद्येचे एक तीर्थच आहे. येरवड्याला डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम हाती घेतले. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचले गेले. त्यांत आयुर्वेदाचे ग्रंथही होते. त्या वेचणीतून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि पहिल्या पस्तीस खंडांत ‘अ’ने आरंभ होणाऱ्या शब्दांपलीकडे काम गेले नाही.

विद्यार्थिनींना घेऊन मी एकदा तेथे गेले होते. चिठ्ठ्यांनी भरलेल्या कपाटांच्या त्या रांगा पाहून आमच्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, हे संपणार कधी?” तेव्हा मलाही हसू आले होते. आज येत नाही. कारण त्या कोशाचा जो पहिला नियम, तो मला आता समजू लागला आहे. तेथे शब्द कधी एकटा ठेवीत नाहीत. तो कोणत्या ग्रंथात आला, कोणत्या ठिकाणी आला, कोणत्या अर्थाने आला, हे सारे त्याच्याबरोबर चालते. शब्दाला त्याच्या घरातून उचलायचे तर घराचा पत्ता त्याच्या खिशात ठेवूनच उचलायचे, अशी ती रीत आहे. हळूपणाचे मोल देऊन तेथील माणसांनी हा पत्ता जपला आहे.

आमच्या तक्त्याला इतका धीर नाही. आणि म्हणून मला पडलेला प्रश्न असा: जे एका ठिकाणी खरे आहे, ते उचलून दुसरीकडे ठेवले असता खरेच राहते काय? आणि राहिले नाही, तर दोष कोणाचा? लिहिणाऱ्याचा, उचलणाऱ्याचा, की विश्वासाने वापरणाऱ्याचा?

उचलण्यात धोका आहे म्हणून उचलूच नये, असे मात्र कोणी म्हणू नये. ज्ञान विखुरलेले राहू दिले तर काय होते, त्याचे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे आणि ते काळीज पिळवटणारे आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ग्रॅहम लिगिन्स आणि रॉस हॉवी या दोघांनी १९७२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दिवस भरण्यापूर्वीच प्रसूत होऊ घातलेल्या स्त्रीला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली तर पोटातल्या बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात आणि ते जगण्याचा संभव वाढतो, असे त्यांना दिसून आले. औषध महाग नव्हते, दुर्मीळ नव्हते. पुढे इतरांनीही तसेच प्रयोग केले. त्यांतले पुष्कळसे लहान होते आणि एकेकटा प्रयोग पाहिला तर निश्चित असे काही हाती लागत नसे. ते सारे एका ओळीत मांडून त्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध व्हायला १९८९ साल उजाडले. हिशेब मांडताच स्पष्ट दिसले की या साध्या उपायाने अशा बाळांचे मृत्यू बरेच कमी होतात. दरम्यानच्या सतरा वर्षांत पुष्कळ प्रसूतितज्ज्ञांना हे उमगलेच नव्हते आणि जी वाचू शकली असती अशी हजारो बाळे गेली. उत्तर छापलेले होते, ग्रंथालयांत होते. कोणी वेचून एकत्र केले नव्हते, इतकेच. वैद्यकीय प्रयोगांचे असे एकत्रित हिशेब मांडण्यासाठी १९९३ मध्ये जी कॉक्रेन संस्था स्थापन झाली, तिने त्या हिशेबातल्या सात प्रयोगांच्या सात आडव्या रेघा आपल्या बोधचिन्हात घेतल्या आहेत. त्या रेघा पाहिल्या म्हणजे माझ्या कंटाळवाण्या कामाविषयी माझ्या मनात थोडा आदर उत्पन्न होतो.

परंतु कथा येथे संपत नाही. तिचा पुढचा अध्याय आपल्या भूमीवर घडला.

श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत जे सिद्ध झाले ते गरीब देशांतल्या खेड्यापाड्यांपर्यंत नेले तर केवढे कल्याण होईल, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक होते. त्याची पारख करण्यासाठी सहा देशांत मोठा प्रयोग झाला. त्यांत भारत होता, आणि भारतातली ठिकाणे होती बेळगाव आणि नागपूर. गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांना शिकवून, अकाली प्रसूतीचा संभव असलेल्या स्त्रिया हुडकून त्यांना हे औषध देण्यात आले. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सगळे चकित झाले. अगदी लहान वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नव्हते. उलट सगळ्या बाळांचा विचार केला असता, जेथे ही योजना राबवली तेथे नवजात मृत्यू थोडे अधिकच आढळले. औषध तेच होते, मात्राही माहितीची होती. परंतु गर्भाचे दिवस नेमके किती भरले हे तेथे खात्रीने कळण्याची सोय नव्हती. औषध मिळालेल्या पुष्कळ स्त्रियांची प्रसूती पुढे पूर्ण दिवसांनीच झाली. आणि जन्मलेल्या नाजूक बाळाला सांभाळणारी व्यवस्था सर्वत्र नव्हती. त्यानंतर भारतासह पाच देशांत नवा प्रयोग झाला. या वेळी तो रुग्णालयांतच केला, जेथे सोनोग्राफीने दिवस नीट मोजता येत होते आणि बाळाची काळजीही घेता येत होती. २०२० मध्ये त्याचा निष्कर्ष आला आणि बाळे वाचतात हे पुन्हा दिसून आले.

म्हणजे १९७२चा शोध खोटा नव्हता. त्याची वाटी निराळी होती. रुग्णालय, परिचारिका, नवजात बाळांचा कक्ष हे सारे त्या वाक्यात गृहीत धरलेले होते. घरात सगळ्यांना ठाऊकच होते, म्हणून ओळीत आले नव्हते.

या उदाहरणात कोणाची लबाडी नव्हती. दुसरे एक उदाहरण यापेक्षा अस्वस्थ करणारे आहे. १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात पोर्टर आणि जिक या दोघांचे पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असलेल्या आणि अफूवर्गातली वेदनाशामके मिळालेल्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्यांत पूर्वी व्यसन नसताना नव्याने व्यसन लागल्याची उदाहरणे चारच आढळली, अशा अर्थाचे ते पत्र होते. रुग्णालयात, देखरेखीखाली, नोंदी पाहून केलेले एवढेच ते विधान. पुढे लोक ते उचलू लागले. एकाने उचलले, त्याचे पाहून दुसऱ्याने, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने. २०१७ मध्ये काही अभ्यासकांनी मोजदाद केली तेव्हा त्या पाच वाक्यांचा हवाला ६०८ ठिकाणी दिलेला आढळला; आणि त्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के ठिकाणी, हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्टच सांगितलेली नव्हती. घरी नेऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यालाही व्यसन लागत नाही, असा समज त्यातून दृढ होत गेला. अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने पुढे जो हाहाकार झाला त्याला कारणे अनेक होती, आणि औषधे खपवणाऱ्यांचा लोभ हे त्यांतले मोठे कारण. पण ते हरवलेले ‘रुग्णालयात’ हे एक पदही त्या कारणांत मोजावे लागते.

महाभारतातला अश्वत्थाम्याचा प्रसंग आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेला आहे. धर्मराजाने हत्तीचा उल्लेख केला होता, पण हळू; आणि कथेकरी सांगतात की नेमक्या त्याच वेळी शंख वाजले. त्या अर्धवट ऐकू आलेल्या वाक्याने द्रोणांच्या हातातले शस्त्र गळाले आणि धर्मराजाचा जमिनीवरून चार बोटे वर चालणारा रथ खाली आला. आमच्या व्यवसायात मूळ लेखक बहुधा हत्तीचे नाव पुरेशा मोठ्याने घेतो. हे उंदरांवर पाहिले, हे थोड्यांवर पाहिले, हे अजून निश्चित नाही, असे तो सांगत असतो. शंख वाजवणारे आम्ही आहोत.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, कारण तो शंखध्वनी मी माझ्याच घरात ऐकला आहे.

माझ्या थोरल्या बहिणीला काही वर्षांपूर्वी कंपवाताने गाठले. आधी उजव्या हाताची बोटे थरथरू लागली, मग चाल मंदावली. रांगोळीची रेघ कधी हलू न देणाऱ्या ताईला गेल्या दिवाळीत दारापुढे साधे गोपद्म काढता येईना. तिचा मुलगा कर्तबगार आहे, आईवर त्याचा जीव आहे. रात्र रात्र जागून तो संगणकावर उपाय शोधीत असे. एका संध्याकाळी तो मोठ्या उत्साहाने माझ्याकडे आला आणि त्याने एक कागद पुढे ठेवला.

“मावशी, हे बघ. साधं, जुनं औषध आहे. दुसऱ्याच कशासाठी तरी देतात. पण आईच्या रोगाचा वेग ते घटवतं, असं इथे स्पष्ट लिहिलंय. मी गोळ्या आणल्यासुद्धा. डॉक्टरांना बिचाऱ्यांना माहीत नसणार.”

कागदावर तक्ता होता. औषध, रोग, ‘घटवते’. त्या ओळीची ठेवण मी हजारोंत ओळखली असती. ती कोणी भरली होती, ठाऊक नाही. मी भरली नसेन असेही शपथेवर सांगता येणार नाही. मी मूळ निबंध काढला आणि आम्ही दोघांनी तो वाचला. प्रयोग उंदरांवर झाला होता. उंदीर आठ होते. शेवटच्या परिच्छेदात लेखकांनी म्हटले होते की असा परिणाम संभवतो, परंतु माणसांविषयी यावरून काहीही म्हणता येणार नाही. ‘संभवतो’ हे सगळ्या निबंधाचे क्रियापद होते. तक्त्यात ते कोठेही नव्हते.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पण मग हे तिथे लिहिलं का नाही?”

मी म्हणाले, “त्याला रकाना नसतो.”

“रकाना नसतो म्हणजे?”

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांना विचारले. ताईच्या रक्तदाबाला ते औषध मानवणारे नव्हते. त्यांनी सरळ नको म्हणून सांगितले. गोळ्यांचे पुडके तसेच राहिले. ताई हसत म्हणाली, “बरं झालं बाई, मला उंदीर केलं नाहीत.” पण आदल्या संध्याकाळी मुलाचे बोलणे ऐकताना तिच्या चेहऱ्यावर जी उमेद आली होती ती मी पाहिली होती, आणि ती मावळतानाही मीच पाहिली.

रकाना नव्हता! माझ्या लक्षात आले की कोणत्याही काळातला कारकून आपल्या हातून घडलेल्या गोष्टीचे हेच समर्थन करीत आला आहे. नियमात बसत नव्हते, नमुन्यात जागा नव्हती, वरून सांगितले नव्हते. एक गोष्ट लिहिणे हे जसे कृत्य आहे, तसे ती न लिहिणे हेही कृत्यच आहे. आणि रकाने ठरवणे हे तर फार मोठे कृत्य आहे. ज्याने रकाने आखले त्याने पुढच्या हजारो माणसांनी काय पाहावे आणि काय पाहू नये हे आधीच ठरवून टाकले.

कचेरीत मी हा प्रश्न काढला. माझ्या वरिष्ठांनी दिलेले उत्तर मूर्खपणाचे नव्हते, हे मला मान्य केले पाहिजे. ते म्हणाले, “बाई, सगळ्या शंका भरायच्या तर तक्ता कशाला? मूळ निबंधच वाचावा.” खरेच आहे. सगळा संदर्भ जपायचा म्हटले तर काही वेचताच येणार नाही आणि मग त्या सतरा वर्षांतल्या बाळांची गोष्ट पुन्हा घडेल. शिवाय शंकेचाही धंदा होतो. तंबाखूने कर्करोग होतो हे दिसू लागल्यावरही सिगारेटवाल्यांनी कित्येक वर्षे ‘अजून निश्चित नाही’ हेच पालुपद लावून धरले होते. तेव्हा शंका म्हणजे पुण्य आणि निश्चय म्हणजे पाप, असा सोपा हिशेब येथे चालत नाही.

पण विचार करता करता मला वाटू लागले की यातून वाट आहे. सगळ्या शंका जपायच्या नाहीत. शोध करणाऱ्याने स्वतः जी शंका प्रामाणिकपणे नोंदवली, ती गाळण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढेच मानायचे. त्यासाठी तीन गोष्टी पुरतात. हे कोणावर पाहिले, किती जणांवर पाहिले आणि सांगणाऱ्याने ते कितपत खात्रीने सांगितले. एवढी वाटी लिहिली की बाकीचे प्रमाण वाचणारा सांभाळून घेतो.

आणि हे अशक्य आहे असेही नाही. आपल्या पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले. तेथील डॉ. अशोक कोळसकर यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९९० मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रथिनाच्या कोणत्या भागाला शरीराची प्रतिकारशक्ती ओळखते, याचे जे प्रयोग जगभर झाले होते त्यांची माहिती एकत्र करून, न तपासलेल्या प्रथिनातही असा भाग कोठे असेल याचा अदमास सांगणारी ती पद्धत. पुढे लसींचा विचार करणाऱ्या अनेक अभ्यासकांनी ती वापरली. मला तिच्यातले सर्वांत आवडते ते हे की आपला अदमास सुमारे पंचाहत्तर टक्के वेळा बरोबर येतो, असे कर्त्यांनी निबंधाच्या सारांशातच सांगून ठेवले आहे. चारांतला एक चुकेल, हे दाराशीच सांगून मग पाहुण्याला आत घेणे याला मी सभ्यता म्हणते. तसेच १९९८ मध्ये सुरू झालेला ‘जीन ऑन्टॉलॉजी’ हा जनुकांच्या कार्याचा जागतिक संग्रह. त्यात प्रत्येक विधानापुढे ते कशावरून केले याची खूण द्यावीच लागते: प्रत्यक्ष प्रयोगाने पाहिले, की कोणा लेखकाने म्हटले म्हणून घेतले, की यंत्राने परस्पर ठरवले आणि माणसाने तपासले नाही. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी प्रमाणे वेगवेगळी का मांडली, हे ती खूण पाहून मला अधिक चांगले कळले. जे ठाऊक आहे ते सांगणे ही विद्येची अर्धी बाजू झाली. ते कशावरून ठाऊक आहे हे सांगणे ही उरलेली अर्धी.

यंत्राविषयी लोक मला हल्ली फार विचारतात. ते आमची जागा घेईल का, अशी तरुण मुलांना धास्ती असते. माझी धास्ती वेगळी आहे. यंत्राला आम्ही जे रकाने देऊ तेच ते भरणार. ‘कदाचित’ आणि ‘नाही’ हे शब्द ओळखायला त्याला शिकवता येते; तसे प्रयत्न पुष्कळ झाले आहेत आणि २०१० मध्ये तर शंकेची वाक्ये हुडकण्याची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धाच झाली होती. पण ते शिकवावे असे आधी माणसाला वाटले पाहिजे. आम्हाला ज्याची लाज वाटत नाही, त्याची यंत्राला कोठून वाटणार?

आमच्या तक्त्याच्या अगदी शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना आहे. तो भरलाच पाहिजे असे नाही आणि कोणी तो वाचीत असेल असेही मला वाटत नाही. अलीकडे मी त्यात लिहू लागले आहे. ‘आठ उंदीर’. ‘रुग्ण बारा, सर्व पुरुष’. ‘लेखक म्हणतो, संभवते’. यामुळे माझ्या दिवसाच्या ओळी कमी भरतात आणि महिन्याच्या शेवटी मला त्याची आठवण करून देण्यात येते. याने जगात काय फरक पडेल, मला माहीत नाही. कोणाचा तरी भाचा एखाद्या रात्री स्क्रीन सरकवीत शेवटच्या रकान्यापर्यंत आला, तर त्याला तेथे काहीतरी सापडावे, इतकीच इच्छा आहे.

परवा जर्मनीहून मुलीचा फोन आला. यंदा ती तेथे चकल्या करणार आहे. म्हणाली, “आई, आजीच्या वहीच्या पानाचा फोटो पाठव.” मी वही काढली. इतकी वर्षे मी ती चकली-अनारशापुरतीच उघडत आले होते. या वेळी सहज सगळी पाने उलटली. प्रत्येक कृतीच्या डोक्यावर सासूबाईंनी बारीक अक्षरात काही लिहून ठेवले होते. माझे त्याकडे कधी लक्ष गेले नव्हते. कोठे ‘केले’, कोठे ‘ऐकीव’, एका पाकाच्या चिरोट्यांवर ‘अमुक वहिनींकडे खाल्ले, मी केले नाही’, आणि एका बुंदीवर ‘केले, बिघडले, कारण कळले नाही’. मराठी चार इयत्तांपलीकडे त्यांचे शिक्षण झाले नव्हते.

चकलीच्या पानावर ‘केले’ असेच होते. मी पेन घेतले आणि ‘मोहन एक वाटी’ या शब्दांपुढे, त्यांच्या अक्षराला धक्का न लावता, लिहिले: मिसळणाच्या डब्यातली. मग पानाचा फोटो काढला आणि मुलीला पाठवून दिला.